तारीख नसलेला राजीनामा

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, तिसऱ्या तासाला सावंत सर स्टाफरूममध्ये खुर्चीवर बसले आणि उठले नाहीत. दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला, सर गेले.

मंगळवारी त्यांचा बारावीचा वर्ग माझ्याकडे आला. कुवेतमधल्या हवल्लीतल्या आमच्या शाळेत ब्रिटिश अभ्यासक्रम आहे आणि इतिहास आम्ही दोघंच शिकवत होतो. त्यांच्या वहीत पुढचा धडा मांडून ठेवलेला होता: इंग्लंडचा सातवा हेन्री आणि त्याचे सरदार.

हा राजा लढाई जिंकून गादीवर आला. सरदारांकडे माणसं होती, किल्ले होते. सगळ्यांची डोकी उडवणं परवडणारं नव्हतं. म्हणून त्याने कागद वापरला. सरदाराकडून बाँड लिहून घ्यायचा: इमानाने वागेन, नाही वागलो तर अमुक रक्कम भरेन. शिवाय त्याच्या मित्रांना जामीन ठेवायचं. सरदार चुकला की तेही बुडणार. मग मित्रच त्याच्यावर नजर ठेवतात.

"मिस, बट व्हाय वुड अ फ्रेंड साइन?" अनुष्काने विचारलं. तिच्या घरी मराठी बोलतात. ती इंग्रजीत बोलते.

"भीतीपोटी," मी म्हणाले. फळ्यावर लिहिलंसुद्धा.

गुरुवारी प्रिन्सिपल मॅडमनी बोलावलं. सावंतवहिनी सरांना घेऊन कोल्हापूरला गेल्या होत्या. सरांची फाइल बंद करायची होती. मॅडमनी त्यातला एक कागद माझ्याकडे सरकवला.

"हा आता चालणार नाही. हमी देणारा गेला."

कागद चार वर्षांपूर्वीचा होता. तेव्हा एका वजनदार पालकाच्या मुलाचे मार्क वाढवायला मी नकार दिला होता, आणि भर मीटिंगमध्ये तसं सांगितलं होतं. मला काढणार, असं सगळे म्हणत होते. काढलं नाही. मला वाटलं, माझं म्हणणं पटलं.

कागदावर माझ्याबद्दल लिहिलं होतं: कर्णिक मॅडम यापुढे शाळेविरुद्ध उघडपणे बोलणार नाहीत. बोलल्यास माझाही राजीनामा स्वीकारावा. खाली सावंत सरांची सही.

मी तो तीनदा वाचला. सही ओळखीची होती, तरी ती इथे का, ते डोक्यात शिरेना. मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं की सर खोकायचे. एकदा मी चिडून म्हणालेही होते, "सर, तुम्ही मॅनेजमेंटचा ब्रेक झालात."

"ब्रेक आहे म्हणून तुमची गाडी रस्त्यावर आहे, बाई," ते हसून म्हणाले होते. मी त्यांना भित्रट समजत आले.

"मला कोणी का सांगितलं नाही?" मी विचारलं.

"त्यांचीच अट होती," मॅडम म्हणाल्या. "आता दुसरं कोणी उभं करा. नाहीतर हे."

'हे' म्हणजे टाइप केलेला राजीनामा. तारखेची जागा कोरी. सही आज द्यायची; तारीख शाळा तिला हवी तेव्हा भरणार.

"रुटीन आहे. बऱ्याच जणांनी दिलाय," त्या म्हणाल्या.

इथे नोकरी गेली की रेसिडेन्सी जाते, म्हणजे देशात राहण्याचा परवाना. मग घर, बँक, सगळंच. स्टाफरूममध्ये कोणाला विचारावं, याचा मी थोडा वेळ विचार केला. दोन नावं सुचली. दोघांचीही मुलं इथेच शाळेत आहेत.

मी पेन घेतलं, सही केली. कोऱ्या जागी बारावीच्या शेवटच्या पेपरनंतरच्या दिवसाची तारीख घातली.

"अहो, हे काय केलंत? तारीख आम्ही घालतो!"

"माहीत आहे, मॅडम."

त्यांनी कागद उलटून पाहिला, जणू मागे आणखी काही असेल. मग स्टेपलर शोधू लागल्या.

असल्या कागदाचा धाक तारीख कोरी असेपर्यंतच असतो. भरली की तो नुसता राजीनामा. मात्र नोकरी तरीही जाते, हे लक्षात ठेवावं.

परीक्षेला आता पाच आठवडे आहेत. इतिहासाला मी एकटी आहे.