नमुन्याचे दोन दिवस

आमच्या खात्यातल्या नरसम्माची उजव्या हाताची दोन बोटं मशीनमध्ये गेली. त्याच दुपारी मॅनेजर साहेबांनी माझ्यापुढे कागद ठेवला. बाईने चालत्या मशीनमध्ये निष्काळजीपणे हात घातला, असं त्यावर टाईप केलं होतं. मी सही केली की चूक तिची ठरणार आणि तिची नोकरीही जाणार.

"मावशी, सही तेवढी करा."

मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात कटिंग खात्याची मुकादम होते. शाळा चौथीपर्यंत. आमच्याकडे टॉवेल कापायची सहा मशीन होती. ती प्रोग्रॅमवर चालतात. प्रोग्रॅमच्या एकेका गठ्ठ्याला पॅकेज म्हणतात. ते बसवायला मशीन उघडत नाहीत. खात्यातल्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये एक पान उघडतं. मशीनपुढे टिक करायची, पॅकेज निवडायचं, 'बसवा' दाबायचं. सकाळी खातं मी उघडायची, म्हणून पासवर्ड माझ्याकडे.

अपघाताच्या दोन दिवस आधी कटिंग जलद करणारं नवं पॅकेज आलं. मी निवडलं. पानावर आलं, एक बसणार, एक निघणार. निघणाऱ्याचं नाव इंग्रजीत, आकडे घालून. मी साहेबांना फोन लावला.

"साहेब, एक निघणार म्हणतंय. काय निघणार?"

"जुनं निघणार, मावशी. नवा झाडू आणला की जुना ठेवता का?"

"व्हय, ठेवते की. मोरीला."

ते हसले. सगळ्या मशीनवर एकदम टाका म्हणाले.

तेवढं मी ऐकलं नाही. आमच्या धंद्यात नवं सूत आधी एकाच मागावर चढवतात. दोन दिवस नमुना बघतात, मग बाकीचे माग. मी तीन नंबरच्या मशीनवर बसवलं आणि दोन दिवस स्वतः चालवलं. कापड सरळ कापलं, काठ बिघडला नाही. तिसऱ्या दिवशी उरलेल्या पाचांवर टिक केली.

निघालं होतं ते हात ओळखणारं पॅकेज. पात्याखाली हात आला की ते पातं थांबवायचं. तिथे कापसाचा भुगा साचतो. बाया तो हाताने काढतात, कारण पातं थांबतं हे त्यांना माहीत. मी जुन्या मशीनवर शिकलेली. मी भुगा काठीने काढते. दोन दिवस मशीनवर मीच होते, त्यामुळे पातं आता थांबत नाही हे कळलंच नाही. नरसम्माला पहिल्या तासात कळलं.

मी सही केली नाही. त्या पानावर हिस्ट्री असते, कुणी काय बसवलं, काय काढलं. ती उघडली.

"हितं माझं नाव हाय, साहेब. तिचं न्हाय."

"तुम्ही अडकाल, मावशी."

"दाबलं मी. मग काय तिनं अडकायचं?"

कारखान्याच्या तपासणीला सरकारी इन्स्पेक्टर आले, त्यांनाही तेच पान दाखवलं. चूक नरसम्माची नाही असं त्यांनी लिहिलं. तिची नोकरी राहिली, माझी गेली. साहेबांना दुसऱ्या युनिटला पाठवलं. नरसम्मा आता घडी घालायच्या खात्यात आहे. सावकाश घालते. माझ्याशी बोलत नाही, आणि ते बरोबर आहे.

नमुना बघताना मी नुसतं कापड बघितलं. कापणाऱ्या बाईचा हात कुठे जातो ते बघायला हवं होतं. आणि काय निघतंय ते कळत नसेल तर बसवू नये. साहेब हो म्हणाले तरी.