सेंटरची आपसी बदली

अन्याय झाला तो आमच्या सेंटरवर. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी सव्वाचार वाजता, नांदेडच्या स्टेडियमच्या गेटवर. अन्याय करणारे आम्ही. पत्रक मी लिहिलं. हे आधीच सांगून टाकते, कारण एरवीच्या पत्रकांत अन्याय कोणी केला ते शेवटच्या पानावर येतं आणि तोवर वाचणाऱ्यानं त्या कागदात भजी गुंडाळलेली असतात.

आमचा क्लब बास्केटबॉल खेळतो आणि हरतो. परभणीशी हरतो, हिंगोलीशी हरतो, पण ते कोणी मनावर घेत नाही. लातूरशी हरलो की आठवडाभर जेवण जात नाही. आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावर इतकी वर्षं भांडलेली ही दोन शहरं. त्यात त्यांच्याकडे शिक्षणाचा पॅटर्न आहे आणि आता फास्ट ब्रेकचाही.

कोर्टाच्या पूर्वेला सिमेंटच्या पायऱ्या आहेत. तिथं आम्ही तिघं पक्के. एक गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांच्या मते जगातला प्रत्येक प्रश्न टू-थ्री झोन, म्हणजे दोघं पुढं आणि तिघं मागं असा बचाव, लावल्यानं सुटतो. दुसरे मामा, अर्धापूरचे केळीचे व्यापारी, माझे कोणी लागत नाहीत, सगळ्यांचेच मामा. तिसरी मी. कॉलेजात गार्ड खेळायचे, मग विद्यार्थी चळवळीत गेले. वसतिगृह, शिष्यवृत्ती, बसचा पास, असल्या विषयांवर इतकी पत्रकं लिहिली की आता मला काहीही सुचतं ते मागणीच्याच भाषेत सुचतं. आईनं भाजीत मीठ कमी आहे का विचारलं तरी तोंडातून ‘तात्काळ’ निघतं.

आमचा सेंटर, म्हणजे रिंगखालचा उंच गडी, सहा फूट तीन इंच. हदगाव तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक, म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणतात. दर रविवारी एस.टी.नं नांदेडला येतो, बहुतेक वेळा उभ्यानं, मान वाकवून. रिंगवरून उसळलेले रिबाउंड त्याचे. ब्लॉक त्याचे. फाउलनंतर मिळणारे फ्री थ्रो मात्र कोणाचे ते सांगता येत नाही, कारण चेंडू रिंगकडे जातच नाही.

“मास्तरला बसवा!” डिसेंबरात लातूरशी मॅच चालू असताना मामा ओरडले. “लई उंच हाय म्हणं. पाण्याची टाकी बी उंच हाय.”

“टाकी रिबाउंड घेत नाही, मामा.”

“टाकी फ्री थ्रो बी चुकवत न्हाई.”

“झोन लावा, झोन!” गुरुजी.

कोच सरांनी टाइम आउट घेतला. आमचे कोच सर टाइम आउट घेतात तो खेळाडूंशी बोलायला नाही, आमच्याशी भांडायला. पायऱ्यांखाली येऊन त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून वर धरली. “या! या ना खाली! घ्या शिट्टी आन् तुमीच चालवा!”

गुरुजी खरंच उठले. दोन पायऱ्या उतरले, मग म्हणाले, “गुडघा धरलाय माझा, म्हणून. न्हाईतर आलो असतो.” तोवर टाइम आउट संपला होता आणि टीमला कोणी काहीच सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी आम्हाला लातूरच्या गार्डनं एकट्यानं हरवलं. बुटका, चपळ, डोक्याला पट्टा. आमच्या पाचही जणांमधून असा निघायचा जसा आठवडी बाजारातून सायकलवाला.

“असला एक आपल्याला पायजे,” मामा म्हणाले. “टीव्हीवर अमेरिकेत बघत न्हाई का? हा दे, तो घे. आपल्यात कामून न्हाई?”

“तिकडं टीमला मालक असतात,” मी म्हणाले. “आपल्याला मालक कुठाय?”

गुरुजींनी चष्मा पुसला. चाळीस वर्षं जिल्हा परिषदेत काढलेला माणूस. म्हणाले, “आपल्याला जिल्हा परिषद हाय.”

आणि त्यांनी सांगितलं ते असं. तो लातूरचा गार्डही शिक्षक, औशाकडच्या शाळेवर. आणि दोन जिल्ह्यांतल्या दोन शिक्षकांनी एकमेकांच्या जागी जायचं ठरवलं तर त्याला आपसी बदली म्हणतात. शिक्षक लोक रात्रंदिवस मोबाइलवर हेच शोधत असतात. एक जाणार, एक येणार, दोन्हीकडची पदं भरलेली, सरकारला तोशीस नाही.

“म्हणजे एकास एक,” मामा म्हणाले.

“एकास एक. पण आपली नऊ इंचांनी खोट येते,” गुरुजी म्हणाले. त्यांनी हिशेब तळहातावर बोटानं केला होता.

मला सांगायला लाज वाटते, पण मला ती कल्पना थोर वाटली. जे काम कोच, क्लब आणि असोसिएशन यांना जमलं नाही ते एका सरकारी अर्जानं होणार होतं!

जानेवारीच्या पहिल्या रविवारी मामा आणि मी लातूरला गेलो. मामांच्या पिकअपमध्ये, मागं कच्च्या केळीचे घड. अहमदपूरपर्यंत मामा टीम लावत होते, चाकूरपर्यंत त्यांनी ती तीनदा बदलली. लातूरच्या कोर्टावर प्रॅक्टिस चालू होती आणि बाजूला, मी शपथेवर सांगते, सिमेंटच्या पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांवर दोघं बसून भांडत होते. एक मोटार रिवाइंडिंगवाले काका, दुसरे शिकवणी वर्गात फिजिक्स शिकवणारे सर.

मला वाटलं होतं, गार्ड मागितला की हे लोक मारायला उठतील. काका म्हणाले, “घिऊन जावा.”

“काय?”

“घिऊन जावा म्हणलं. पास देत न्हाई ओ तो. चार माणसं मोकळी उभी ऱ्हात्यात आन् हा एकटाच पळतंय. सोताच्या लग्नाची पत्रिका बी दिली न्हाई त्यानं कुणाला.”

“आम्हाला उंची हवी आहे,” फिजिक्सचे सर म्हणाले. “फ्री थ्रोची काळजी सोडा. चेंडूचा कोन पंचेचाळीस अंशांवर आणला की प्रश्न संपला.” लातूरचा माणूस. सहा फूट तीन इंचांना ते वर्षभरात नव्वद टक्क्यांवर नेणार होते.

मग घासाघीस झाली. काकांचं म्हणणं, त्यांचा गार्ड तरुण, आमचा सेंटर पस्तिशी उलटलेला, तर वर काय देता? मामांनी मागं बघितलं आणि एक घड उतरवला. सौदा पक्का. चहा आला. समोर कोर्टावर तो गार्ड एकटाच पळत होता. त्याला कोणी हाक मारली नाही. हदगावकडे मास्तरलाही कोणी फोन केला नव्हता. हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. मला वाटलं, आधी वातावरण तापवू, मग कळवू. चळवळीत आम्ही असंच करतो.

पुढच्या रविवारी पत्रक तयार. वर ठळक अक्षरांत: ‘लातूरला उंची द्या, नांदेडला वेग द्या!’ खाली मास्तरची उंची, हदगाव तालुका, पाचात एक फ्री थ्रो, आणि शेवटी सवयीनं: ‘सदर शिक्षकाच्या बदलीची न्याय्य मागणी तात्काळ मान्य करा!’ सोबत सह्यांचा कागद. सही कोण करणार, ही माझी चिंता. मामा म्हणाले, “ताई, सहीला एक केळ.” सव्वाचारला गेटवर उभे राहिलो आणि केळी संपली तेव्हा त्रेचाळीस सह्या झाल्या होत्या. वाचून सही करणारा एकही नव्हता. दुसऱ्या दिवशी मामांनी सगळे कागद स्वतःच्या हातानं जिल्हा परिषदेत आवक-जावकला दिले आणि शिक्का मारून घेतला.

त्रेचाळिसावी सही एका पांढऱ्या टोपीच्या गृहस्थाची होती. बाजारहाट करून बसस्टँडकडे निघालेले. त्यांनी केळ घेतलं, सही ठोकली, पत्रक घडी करून खिशात घातलं आणि हदगावच्या गाडीत बसले. गाडीत करमेना म्हणून अर्धापूरच्या पुढं त्यांनी पत्रक वाचायला काढलं. हे गृहस्थ मास्तरच्याच शाळेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष होते.

बुधवारी गावानं शाळेला कुलूप लावलं. मास्तर आत होता, त्याला बाहेर काढून मग लावलं. बायाबापड्या, लेकरं, सगळे फाटकाशी बसले. अध्यक्षांनी माझंच पत्रक हातात धरून भाषण केलं, ‘आमचा मास्तर पळवणाऱ्यांचा धिक्कार असो’. त्याचा व्हिडिओ मी पाहिला. पाच वर्षं मी मोर्चे काढतेय, माझ्या एकाही मोर्चाला इतकी माणसं आली नाहीत.

शुक्रवारी मास्तरला कारणे दाखवा नोटीस आली. बदलीसाठी त्यानं बाहेरचा दबाव आणला आणि त्यातून शाळा बंद पडली, खुलासा करावा. खुलासा पटला नाही तर प्रशासकीय बदली, माहूरच्या पलीकडं.

मी फोन केला. शिव्या खायची तयारी होती.

“ताई, पत्रक जोरदार लिवलंय,” मास्तर म्हणाला. “एकच तकरार हाय. पाचात एक न्हाई. चारात एक जातो माझा.”

मी हसले. तो हसला नाही.

“मी लातूर जिल्ह्यातूनच आलोय, ताई. निलंग्याकडं होतो. बायको हितं हदगावच्या बाजूला उपकेंद्रात नर्स. पती-पत्नी एकत्रीकरणात नंबर लागाया सहा वर्षं गेली. शनिवारी यायचो, रविवारी जायचो. पोरगी मला रविवारवाले पप्पा म्हणायची. आत्ता कुठं नुसतं पप्पा म्हणून राहिली.”

“मास्तर, हे तुम्ही कधीच का सांगितलं नाही?”

“पायऱ्यांवरनं जे इचारलं ते सगळं सांगितलं की. डावा हात कामून वापरत न्हाई, इचारलं. सांगितलं.”

खरंच होतं. त्याचा डावा हात, त्याचा उजवा गुडघा, त्याच्या बुटाचा नंबर, सगळं आम्हाला पाठ. तो कोणाच्या घरी जेवतो ते माहीत नव्हतं.

आम्ही तिघं हदगावला गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेलो. साहेबांनी पत्रक टेबलावर पसरलं.

“तुम्ही कोण?”

“प्रेक्षक,” मी म्हणाले.

“प्रेक्षकांना बदलीचा अधिकार कुणी दिला?”

“साहेब, तिथं तिकीट न्हाई,” मामांनी मदत केली. “म्हणून आमाला वाटलं, आपलंच हाय समदं.”

“साहेब, हा दबाव मास्तरांनी आणलेला नाही. त्यांच्या विरुद्ध आणलेला आहे,” मी म्हणाले.

“असं पत्रकात कुठं लिहिलंय? इथं लिहिलंय, सदर शिक्षकाच्या बदलीची न्याय्य मागणी. मागणी कुणाची? शिक्षकाची.”

मी वाचलं. पुन्हा वाचलं. चळवळीतलं माझं सगळ्यात लाडकं वाक्य, शेकडो वेळा वापरलेलं, आणि त्यानंच मास्तरचा गळा धरला होता. गुरुजी सेवानियमांतलं काहीतरी बोलू लागले. साहेब त्यांचेच विद्यार्थी निघाले, म्हणून उभे राहिले, नमस्कार केला, पण ऐकलं नाही.

शेवटी साहेबांनी एवढंच मान्य केलं. ज्या त्रेचाळीस जणांनी सही केली, त्या प्रत्येकानं स्वतःच्या सहीनं लिहून द्यायचं, की मास्तरनं आम्हाला सांगितलं नव्हतं, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि मी माझी सही मागं घेतो. मार्चअखेरपर्यंत. सगळ्या आल्या तर नोटीस दप्तरी दाखल. एकही राहिली तर खुलासा अपुरा.

तेव्हापासून मी दारोदार फिरतेय. समितीच्या अध्यक्षांनी सगळ्यांत आधी सही मागं घेतली आणि केळ आहे का विचारलं. लातूरच्या काकांचा फोन आला, “काय झालं आमच्या उंचीचं?” मी सगळं सांगितलं. काका म्हणाले, “आमच्या गार्डची बायको कुठं ऱ्हाती, ते आमाला बी म्हाईत न्हाई.” मास्तर खुलाशाच्या कागदांत अडकला म्हणून दोन रविवार आला नाही. त्या दोन रविवारी परभणीनं आणि हिंगोलीनं आमच्या रिंगखाली घर बांधलं. मामा टाकीचं नाव काढत नाहीत.

एकोणतीस सह्या परत आल्या. चौदा बाकी आहेत. बारा जणांची अक्षरं लागत नाहीत आणि दोघांनी नुसता अंगठ्यासारखा केळीचा डाग पाडलाय.

म्हणून हे लिहिलं. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी, सव्वाचारच्या सुमारास, नांदेडच्या स्टेडियमच्या गेटवर एका बाईनं तुमच्यापुढं कागद धरला असेल आणि एका माणसानं हातात केळ दिलं असेल, तर त्या चौदांतले तुम्हीच आहात. तुम्ही नसाल तर तुमचा भाऊ असेल, शेजारी असेल, त्याला विचारा. मार्च संपायच्या आत कोणत्याही रविवारी चार वाजता पूर्वेच्या पायऱ्यांवर या. कागद माझ्याकडे आहे, पेन माझ्याकडे आहे. या वेळी वाचा आणि मग सही करा. आणि तिथंच बसा. मास्तर फ्री थ्रोच्या रेषेवर उभा राहील, चेंडू दोनदा आपटेल, वर बघेल. तेव्हा तोंड बंद ठेवा.