माझं तीन वर्षांचं प्रायश्चित्त

आमच्या चर्चच्या फादरांइतका लबाड सज्जन अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. ते आले तेव्हा दारव्ह्याजवळ आमच्या दोन खोल्या होत्या, बाप वारलेला आणि आई लोकांच्या वावरात मजुरीला. कापूस वेचणी लागली की माझी शाळा बंद. चार हात चालले तरच चूल पेटायची.

फादर वसईकडचे, मराठी अगदी छापील. पहिल्याच प्रवचनात म्हणाले, "बंधुभगिनींनो, आत्मपरीक्षण करा!" मागून एका म्हातारीनं विचारलं, "पेपर कधी हाये, फादर?" प्रवचन लांबू नये म्हणून ते वेदीवर गजराचं घड्याळ ठेवत आणि गजर झाला की वाक्य अर्धं टाकून थांबत. एकदा "नरकात जाणारे लोक म्हणजे" इथंच घड्याळ घणघणलं. आठवडाभर गाव एकमेकांकडे संशयानं बघत होतं.

नववीत मी पापकबुलीत, जाळीआड बसलेल्या फादरांना सांगितलं, "फादर, आठवडाभर शाळा बुडवली." बाकीच्यांना प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना मिळत. मला म्हणाले, "पुढचा आठवडा रोज शाळेत जायचं."

आई भडकली. "हे कायचं प्रायश्चित्त? कापूस कोन वेचन?" पण दिलेलं प्रायश्चित्त पुरं करावंच लागतं, हे तिलाच माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक. मग काय, एक दिवस जरी वेचणीला गेले तरी शनिवारी मी कबुलीला हजर. अशीच बारावी झाले.

तेव्हा आई म्हणाली, "बस झालं आता." मी तडक फादरांकडे. "कॉलेजसाठी आईशी भांडले, फादर." जाळीपलीकडून आवाज आला, "आईचे पाय धरून माफी माग. आणि प्रायश्चित्त, बी.ए."

आईला सगळं खरं सांगितलं. "भांडनासाठी तीन वर्सं? मले येडी समजून राह्यली का?" ती तरातरा फादरांकडे गेली. "पोट्टीनं असं केलं तरी काय?"

"कबुलीतलं मला बोलता येत नाही, बाई."

झालं! माझं पाप भयंकर आहे याची तिला खात्रीच पटली. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः मला कॉलेजच्या फाटकाशी सोडलं. "फेड माय, सारं फेड," म्हणाली, आणि एकटीच मजुरीला गेली.

दुसऱ्या वर्षी बिशपांनी फादरांची बदली केली. बी.ए.चा निकाल लागला तेव्हा मी त्यांना फोन केला. "प्रायश्चित्त पुरं झालं, फादर." पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. नवे फादरही भले आहेत, पण ते सगळ्यांना प्रार्थनाच सांगतात. कबुलीहून परतताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यातली पहिली.