रस्त्याकडचं दार

काळ्या दगडावर हातोडी बसली की क्षणभर एक वास सुटतो — जळक्या काडीसारखा, जरासा कडवट, नाकातून थेट घशात उतरणारा. माझ्या बालपणाला वास पुष्कळ आहेत. अण्णांच्या सदऱ्याला चिकटून घरी येणाऱ्या कापसाच्या तुसाचा, तव्यावर वाळवलेल्या कडक भाकरीचा, वैशाखात तापलेल्या पत्र्याचा... पण डोळे मिटले की सगळ्यांच्या आधी येतो तो हा दगडाचा. बहात्तरच्या दुष्काळात आई मंद्रूपला सरकारी रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, आणि मी तिच्यामागे लुगड्याच्या सावलीत बसून हा वास घेत मोठी झाले.

माझे वडील, अण्णा, तेव्हा सोलापुरात गिरणीत होते, सूत कातायच्या खात्यात. विणकाम खात्यात पगार बरा मिळे, पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा, आणि आमच्या माणसाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्या कुणाला चालत नसे, म्हणून आमची सगळी माणसं सूतखात्यातच राहत. आजोबा महार होते, अण्णा बौद्ध झाले. बाकीच्यांच्या लेखी त्याने फारसं काही बदललं नव्हतं. अण्णा आमच्या लोकांच्या वस्तीत एका खोलीत दाटीवाटीने इतर कामगारांबरोबर राहत. आम्हा दोघींना शहरात आणायचं तर स्वतंत्र खोली हवी, आणि ती काही मिळत नव्हती.

मी आणि आई सुट्टीत शहरात गेलो की अण्णा धुतलेला सदरा घालून मला खोल्या बघायला बरोबर नेत — लेकरू पाहून माणूस जरा मऊ पडतो, अशी त्यांची समजूत. घरमालक आधी छान बोलत. गिरणी कुठली, माणसं किती, असं सगळं विचारून झालं की जाता जाता विचारल्यासारखं विचारत, "मंद्रूपात घर कुठं म्हणालात? कुणाच्या शेजारी?" अण्णांना खोटं बोलता येत नसे. ते शेजाऱ्यांची नावं सांगत, आणि खोली नेमकी आदल्या दिवशीच कुणीतरी घेतलेली निघे. मला कितीतरी दिवस वाटायचं, की सोलापुरात एक भलताच चपळ माणूस राहतो आणि आमच्या आधी जाऊन सगळ्या खोल्या अडवून ठेवतो. मी त्याच्यावर फार चिडून होते.

शेवटी वस्तीनेच मनावर घेतलं. दुसऱ्याच्या ओसऱ्यांवर उभं राहण्यापेक्षा आपली आपण घरं बांधू, असं म्हणून सोसायटी निघाली. रेल्वेत मुकादमी करून निवृत्त झालेले शिवरामबापू तिचे अध्यक्ष. होटगीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक उजाड माळ मिळाला. कुसळं, तरवडाची झुडपं आणि हातभर खाली काळा पाषाण. आई मला घेऊन मंद्रूप सोडून आली ती त्या माळावरच, ताडपत्रीच्या पालात. दुष्काळात ज्यांनी खडी फोडली होती त्या सगळ्या बायका आता स्वतःच्या घरांच्या पायासाठी खडी फोडू लागल्या. पुरुष पाळी संपवून येत आणि विटा वाहत, गारा कालवत. कुणी कंत्राटदार नव्हता. भिंत वाकडी आली तर ज्याने रचली त्याला सगळे मिळून हसत, आणि मग सगळे मिळून ती पाडत. इतकी माणसं इतकी आनंदात मी पुन्हा कधी पाहिली नाहीत.

आमचं घर पहिल्या ओळीत होतं, रस्त्याला लागून. रस्त्यापलीकडे कारकून, मास्तर अशा लोकांची जुनी वसाहत — कुंड्या, तुळशी, दारात रांगोळ्या. तिथपर्यंत महापालिकेचा नळ आलेला होता. आमच्याकडे मात्र पाणी आणायचं ते लांबच्या मळ्यातल्या विहिरीवरून. मळ्याचे मालक चाचा भले माणूस. "मोटर चालू है, भर लेव बाई," एवढंच म्हणत. पण वाट चढाची, आणि हंडे दिवसाकाठी पुष्कळ लागत.

जोती भरून चौकटी बसवायची वेळ आली तेव्हा एके दिवशी त्या वसाहतीचे सेक्रेटरी आले. शांत, चष्मेवाले गृहस्थ. चहाला "नुकताच घेतला" म्हणाले. त्यांच्या नळावरून आमच्यासाठी पाइप टाकायला त्यांची वसाहत तयार होती. महापालिकेतलं कामही ते स्वतः बघणार होते. फक्त पहिल्या ओळीची दारं रस्त्यावर उघडू नयेत, ती मागच्या बोळात काढावीत. रस्त्याकडे नुसती भिंत.

"गैरसमज नको," ते म्हणाले. "आमची हरकत अशी काहीच नाही. रस्त्यावर उगाच वर्दळ नको, लहान मुलं असतात, इतकंच."

ते गेल्यावर खडीच्या ढिगाशेजारी सगळे जमले. बहुतेकांना सौदा पटला होता, आणि खरं सांगायचं तर त्यात वेडेपणा काही नव्हता. तहान लागल्यावर दाराची दिशा कोण बघतं? अण्णा तर सगळ्यांत आधी तयार झाले. आईला चढावरून हंडे आणताना पाहिलं की त्यांचा जीव खालीवर होई, हे मला माहीत होतं.

आई बायकांत बसली होती. हातातली हातोडी तिने खाली ठेवली आणि उभी राहिली.

"बापू, मंद्रूपात आमच्या घराला गावानं पाठ केली हुती. तितं जागा त्यांची, आमी काय बोलणार? हितली जागा आपली हाय की. आपल्याच जागंत आपणच पाठ फिरवून बसायचं व्हय?"

"अगं, पण पाण्याचं काय?" अण्णा कळवळून म्हणाले. "शेवटी तुज्याच डोक्यावर येनार ते."

"येऊ द्या की. डोकं माजं हाय."

कुणीतरी हसलं. बापूंनी पहिल्या ओळीतल्या एकेका बाईकडे पाहिलं. एकीने होकाराची मान हलवली, मग दुसरीने. शेवटी बापू आईला म्हणाले, "पोरी, लई जड जाईल." आई म्हणाली, "व्हय, जाईल." आणि खाली बसून तिने पुन्हा हातोडी उचलली.

जुन्या बाजारातून आणलेली सागवानी चौकट दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या बाजूला उभी राहिली. मेणबत्ती लावली, त्रिसरण झालं, गूळ वाटला. मी त्या दारातून आतबाहेर, आतबाहेर करत राहिले... अण्णा मात्र लांब विटांवर बसून होते. ते आईशी बरेच दिवस धड बोलले नाहीत. रागाने नव्हे, त्यांना तिच्या मानेकडे बघवत नसे, असं मला आता वाटतं.

पाणी ती वाहत राहिली — उन्हाळे, पावसाळे, माझ्या धाकट्या भावाच्या वेळी पोटुशी असतानासुद्धा. आमचा स्वतःचा नळ आला तोवर भाऊ जन्मला होता. भावाला कळायला लागायच्या आतच आईची मान आखडली ती कायमची. डॉक्टर म्हणाले, मणके झिजलेत, फार ओझं वाहिलंय. पुढे वय झाल्यावर ती दुपारची दारात बसायची. रस्त्याने कुणी गेलं, हाक मारली, तर मान वळायची नाही, म्हणून सगळं अंग वळवून बघायची. पलीकडच्या वसाहतीतल्या बायकाही मग थांबून बोलू लागल्या होत्या. ती सगळ्यांशी हसून बोलायची. मला मात्र अजून राग येतो. पाणी हवं की दार, असं माणसाला कुणी विचारूच कसं शकतं? आणि तेही इतक्या सभ्यपणे?

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. अण्णा तिच्या आधीच गेले. मध्यंतरी रस्ता रुंद झाला, त्यात आमच्या घराची पुढची भिंत गेली, चौकटही गेली. नवी भिंत घालताना भावाने मला पुण्याला फोन केला.

"ताई, पुढनं नुसती खिडकी ठेवू का? दार मागच्या गल्लीत काढतो. ट्रकची धूळ लई येती."

त्याचं म्हणणं अगदी रास्त होतं. मी म्हटलं, नाही, दार पुढेच काढ. त्याने कारण विचारलं. मग मी त्याला सगळं सांगितलं, बराच वेळ सांगत होते.

"आई कधी बोललीच न्हाई की गं," तो म्हणाला. "मला वाटायचं, तिला जन्मापासनंच तसं हाय, मानेचं."

दार पुढेच निघालं. उघडं असलं की धूळ आत येते, आणि भावजय रोज पुसून काढते.