रविवारी एक सही

एल्रॉय स्टॅनेक बेसबॉलमध्ये जेमतेम एक मोसम टिकला. डावखुरा होता, चेंडू जोरात फेकायचा, पण तो कुठे जाईल हे त्यालाही ठाऊक नसे. मग खांदा निकामी झाला आणि पेन्सिल्व्हेनियातल्या आपल्या गावी परतून त्याने उरलेली उमर पोलादाच्या भट्टीपुढे काढली. अशा माणसाला जग कधीच विसरलं असतं, पण त्याचं कार्ड आडवं आलं.

तेव्हा च्युइंगमच्या पुडीत खेळाडूंची कार्डं निघायची. एल्रॉयचं कार्ड वर्षाच्या शेवटच्या खेपेत छापलं, थंडी तोंडावर आली तेव्हा. पोरं फुटबॉलकडे वळली होती, दुकानदारांनी खोकी मागवलीच नाहीत आणि पडून राहिलेला माल कचऱ्यात गेला. जी थोडी विकली गेली, ती पोरांनी सायकलच्या आऱ्यांत अडकवून फडफडवली. उरलेली आयांनी साफसफाईत फेकली. म्हणून नामवंतांची कार्डं ढिगाने मिळतात आणि या फसलेल्या माणसाचं, चारही कोपरे शाबूत असलेलं कार्ड, शोधूनही सापडत नाही. संग्राहकांची जात अशीच. जे उरलं नाही, तेच त्यांना हवं असतं.

एल्रॉयची बायको व्हर्ना गेली आणि घर गप्प झालं. त्याच सुमारास नॉरिस केलर दारात उभा राहिला. नीटनेटका, गोड बोलणारा. त्याने कुठून कुठून एल्रॉयची बरीवाईट डबाभर कार्डं गोळा केली होती, प्रत्येकावर सही हवी होती. एल्रॉय दर भेटीत काही करून द्यायचा.

"मिस्टर स्टॅनेक, खोकला कसा आहे?" येताच तो विचारायचा.

एल्रॉयला बरं वाटायचं. पोटच्या पोरीनेही कधी इतकी चौकशी केली नव्हती.

टपाल आणणारी मार्गी मात्र फटकळ. ती म्हणाली, "अरे खुळ्या, तो खोकल्याची चौकशी करत नाही, तू मरायची वाट बघतोय. माणूस गेला की सह्या थांबतात, आणि थांबल्या की त्यांचं सोनं होतं. त्याला फक्त डबा भरून घ्यायचाय."

एल्रॉयच्या तोंडचं पाणी पळालं. सही नाकारावी, तर आधीच्या सह्या आणखी दुर्मीळ होणार. सगळ्या एकदम कराव्यात, तर केलरला मग त्याचं काम काय? गरज सरो, वैद्य मरो. म्हणून गरज सरूच द्यायची नाही, असं त्याने ठरवलं.

"रविवारी एक," तो केलरला म्हणाला. "जास्त नाही."

केलर हसला. आणि काय सेवा सुरू झाली! रविवारी कोंबडीचं सूप यायचं, डॉक्टरकडे न्यायला गाडी यायची. हिवाळ्यात पायऱ्यांवर बर्फ धरला की निघताना केलर ओसरीवरची मिठाची बादली उचलून, बर्फ वितळावा आणि एल्रॉय घसरू नये म्हणून, पायरीपायरीवर मीठ टाकायचा. एल्रॉय आतून तो खसखस आवाज ऐकत बसे. हे प्रेम नाही हे त्याला कळत होतं, तरी रविवार उजाडला की तो दाढी करायचा.

आणि एका रविवारी डब्यात सहीविना एकच कार्ड उरलं होतं.

"पुढच्या रविवारी करू," एल्रॉय म्हणाला. "आज हात फार थरथरतोय."

"थरथरू द्या ना. तशा सह्या फार कमी आहेत." केलरने पेनाचं टोपण काढून पेन पुढे धरलं.

नाही म्हणता आलं असतं. पण एल्रॉयला एकदाचं खरं काय ते बघायचं होतं. त्याने सही केली. केलरने शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि कार्ड जपून डब्यात ठेवलं.

"पुढच्या रविवारी येशील?"

"म्हणजे काय! येणारच."

दार लागलं. दुपारभर पाऊस पडून गोठला होता. टपालपेटी खाली रस्त्याला होती, शनिवारचं टपाल अजून तिच्यातच होतं, ते आणायला एल्रॉयला याच पायऱ्या उतरायच्या होत्या. एल्रॉय कान देऊन बसला. बादलीची कडी वाजली नाही. गाडी सुरू झाली आणि निघून गेली.

त्याने दार उघडलं. पायऱ्या काचेसारख्या चकाकत होत्या. कठड्याला घट्ट धरून केलर जिथून उतरला, तिथला बर्फ तेवढा त्याच्या हाताने पुसला गेला होता. मिठाची बादली काठोकाठ भरलेली, जागच्या जागी होती. आणि आज त्याने खोकल्याचं विचारलंच नाही, हे एल्रॉयच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं.