सीलरचा शेवटचा हात

त्याला सगळे छापेवाला म्हणत, कारण तो काँक्रीटवर छापे मारायचा. ओल्या काँक्रीटवर रबराचे मोठाले छापे ठेवायचे, वर उभं राहून धुम्मसाने ठोकायचे आणि हलक्या हाताने उचलायचे. खाली कुठे ओबडधोबड दगडी फरशी उमटायची, कुठे विटा, कुठे चक्क लाकडी फळ्या, गाठींसकट. गेटपासून दारापर्यंतची वाट, गाडी उभी करायची जागा, मागचा ओटा अशी त्याची कामं. लोक वाकून हात लावत आणि "हे काँक्रीट आहे?" म्हणून विचारत. मग पन्नाशी उलटलेला हा माणूस पाहुण्यांसमोर कविता म्हणायला लावलेल्या मुलासारखा लाजायचा.

आधीची वीस-बावीस वर्षं त्याने साध्या गिलाव्यात काढली होती. छापे शिकला तो स्वतःच्याच घरामागची जागा बिघडवून. तीनदा ओतलं, तीनदा फोडलं. काँक्रीटमध्ये अंगठा रुतला पाहिजे पण अंगठ्याला काही लागता कामा नये, एवढी एक वेळ असते, ती अर्ध्या तासात निघून जाते, हे त्याला तिसऱ्यांदा फोडताना कळलं. बायको म्हणायची, "यांना समोरचं दूध उतू जाताना दिसत नाही, पण चार घरं पलीकडचं काँक्रीट सुकायला लागलेलं कळतं."

कामाच्या बाबतीत तो कटकट्या होता. महिनाभर काँक्रीट मुरू द्यायचं, मग धुऊन, वाळवून त्यावर सीलरचे दोन हात द्यायचे. सीलर म्हणजे वरचा पारदर्शक लेप, त्याने रंग खुलतो आणि डाग आत जात नाहीत. पण लेप काचेसारखा होतो, ओला झाला की पाय सटकतो. म्हणून दुसऱ्या हातात तो एक बारीक खरखरीत पावडर कालवायचा. चमक थोडी मरते. गिऱ्हाइकं कुरकुर करायची. तो ऐकायचा नाही. "आरशात तोंड बघायला आत आरसा आहे की," म्हणायचा.

ही पावडर त्याने आयुष्यात एकाच ठिकाणी घातली नाही, आणि ते घर त्याच्या थोरल्या बहिणीचं होतं.

ताईकडची वाट त्याने हौसेने केली होती. गेटपासून पायरीपर्यंत बावीस पावलं, करड्या दगडाचा छापा, कडेला विटांची ओळ. तोवरच्या कामांत सगळ्यात देखणं काम. पहिला हात वाळल्यावर सकाळच्या उन्हात ती वाट अशी काही झळकली की त्याने फोन काढला. पावडरीचा हात दिला की ही झळाळी जाणार. आधी फोटो घेऊ, मग देऊ. पण फोटोत आणखी चमक हवी होती, म्हणून दुसरा हातही नुसत्या सीलरचा दिला, ऊन तिरकं झाल्यावर पाणी मारलं आणि फोटो काढले. पावडरीसाठी पुढच्या आठवड्यात येतो, असं तो स्वतःशीच म्हणाला. ताईला त्यातलं काही माहीत नव्हतं.

तो फोटो त्याने कामाच्या जाहिरातीला लावला. त्यावरून एकामागून एक कामं आली, आणि त्या कामांमुळे ताईकडे जायला वेळ मिळेना. दोन महिने गेले. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला तो पावडरीचं महत्त्व पटवून सांगत होता.

मग एका सकाळी सूनबाईने, म्हणजे ताईच्या सुनेने, रोजच्यासारखी वाट साबणाच्या पाण्याने धुतली. दहा मिनिटांनी ताईचे यजमान, भाऊजी, वर्तमानपत्र आणायला बाहेर पडले आणि सातव्या-आठव्या पावलावर आडवे झाले. खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ताई येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "हिला म्हटलं होतं, साबण कशाला. पण आमचं ऐकतंय कोण." सून भिंतीला टेकून उभी होती, आणि विचारणाऱ्याला स्वतःच सांगत होती, "हो, माझंच चुकलं." तो चहाचा थर्मास घेऊन मधोमध उभा होता. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात डॉक्टर आले आणि सगळे तिकडे वळले. भाऊजींचं ऑपरेशन होऊन जाऊ दे, मग सांगू, असं त्याने ठरवलं. ऑपरेशन झालं. घरी येऊ देत, मग सांगू. घरी आले. त्यानंतर सांगायचं म्हणजे आधी का नाही सांगितलं, तेही सांगावं लागणार होतं.

सात आठवडे तो एक दिवसाआड ताईकडे जात राहिला. फळं नेली, कमोडची खुर्ची नेली, भिंतीला धरायला दांडा बसवून दिला. ताई शेजारणीला म्हणाली, "भाऊ असावा तर असा." तो दांड्याचे स्क्रू पुन्हा पुन्हा आवळत बसला.

सूनबाई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. मुख्य तंत्रज्ञाची जागा तिला नुकतीच मिळाली होती. नवरा दूरच्या गावी नोकरीला, महिन्यातून एकदा यायचा. भाऊजी पडले त्या दिवसापासून ती बिनपगारी रजेवर होती. सासऱ्यांचं अंग पुसणं, भांडं देणं, वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालवणं, सगळं ती करायची. भाऊजी तिला म्हणायचे, "अगं, मी काय पहिल्यांदा पडलोय? सायकलवरून किती वेळा पडलो असेन." ती हसायची नाही. पूर्वी ती त्यांच्या प्रत्येक विनोदाला उत्तर द्यायची.

गुरुवारी ताईचा फोन आला. "सोमवारी राजीनामा देतेय ती. मी एका शब्दाने म्हटलेलं नाही हं. तिचं तिलाच वाटलं. म्हणते, माझ्यामुळे झालं तर मीच निस्तरते."

फोन ठेवला तेव्हा बायको समोर भाजी निवडत होती. ती म्हणाली, "गुणाची आहे हो पोर. दुसरी असती तर सासऱ्यांच्या चपलांवर ढकलून मोकळी झाली असती." तो जेवायला बसला आणि दोन घासांत उठला. बायकोने ताटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "पोट बिघडलंय," तो म्हणाला.

रविवारी सकाळी तो सीलरचा डबा, रोलर आणि पावडरीची पिशवी घेऊन ताईकडे गेला. निदान आता तरी कोणी पडायला नको, असं त्याने मनाला सांगितलं होतं. काम झालं की वाटेवर पाय सटकणार नाही आणि आधी ती कशी होती ते कुणाला कळणारही नाही, हे मात्र त्याने मनाला सांगितलं नव्हतं, तरी मनाला ते ठाऊक होतं.

"जरा डागडुजी करतो," तो ताईला म्हणाला.

"कर बाबा. ती वाट बघितली की माझ्या अंगावर काटा येतो."

त्याने वाट धुतली, उन्हात खडखडीत वाळू दिली आणि पायरीकडून रोलर फिरवायला सुरुवात केली. अर्ध्यावर आला असेल, तेव्हा सूनबाई चहा घेऊन मागच्या दाराने वळसा घालून आली. कप कठड्यावर ठेवून ती डब्यापाशी उकिडवी बसली. पिशवीत उरलेली चिमूटभर पावडर तिने दोन बोटांत चोळून पाहिली.

"हे काय असतं, मामा?"

"पावडर. पाय घसरू नये म्हणून."

"किती घालायची?"

"डब्याला एक पिशवी."

"पहिल्या वेळी पण घातली होती?"

रोलर थांबवला तर लेप तिथेच सुकायला लागतो आणि मग जोड दिसतो. त्याने रोलर थांबवला नाही. "घातली होती की," तो म्हणाला. "झिजली असेल."

"दोन महिन्यांत झिजते?"

"साबणाने... होतं कधी कधी."

बोटं तिने ओढणीला पुसली. "म्हणजे तेही माझ्यानेच," ती शांतपणे म्हणाली. "मी रोज धुवायची ना. तुम्ही इतकी छान करून दिलीत, घाण राहू नये म्हणून." तिने कप त्याच्या बाजूला सरकवला. "घ्या, गार होईल."

ती वळसा घालून आत गेली. त्याने आणखी दोन वेळा रोलर फिरवला. मग रोलर डब्यात टाकला आणि मागच्या दाराने तिच्या पाठोपाठ घरात शिरला.

भाऊजी खिडकीपाशी पलंगावर बसले होते. ताई त्यांच्या उशीचा अभ्रा बदलत होती. सून औषधांचा डबा लावत होती.

"मी पावडर घातलीच नव्हती," तो दारातूनच म्हणाला.

"कसली पावडर?" ताईने विचारलं.

त्याने सांगितलं. काय असते, कशासाठी असते, का घातली नाही. फोटोचं वाक्य त्याने इतकं हळू म्हटलं की ते दोनदा म्हणावं लागलं. "साबणाचं पाणी काय, सगळेच लोक ओततात. त्यासाठीच तर ती पावडर असते. दुसऱ्या कुणाकडे मी ती चुकवलेली नाही. आणि आत्ता बाहेर हिला खोटं सांगून आलो."

ताईच्या हातात उशी तशीच राहिली. "फोटोसाठी?" ती म्हणाली.

"हो."

भाऊजींनी खाकरून घसा साफ केला. "बरा आला होता का रे फोटो?" कोणी हसलं नाही. त्यांनाही ते कळलं असावं, कारण ते खिडकीबाहेर पाहू लागले.

ताई सुनेकडे वळली. "तू पण जरा..." एवढं म्हणून ती थांबली. सवयीने सुरू झालेलं वाक्य पुढे न्यायला तिच्याकडे काही नव्हतं. उशी तिने पलंगावर ठेवली, उगाच थापटली, पुन्हा थापटली.

सून मात्र त्याच्याकडेच पाहत होती. "सात आठवडे येताय तुम्ही," ती म्हणाली. "माझ्या हातचा चहा घेत होतात. दवाखान्यात मी सगळ्यांना सांगत होते तेव्हाही तिथेच होतात."

"होतो."

"मला रात्र रात्र झोप नाही हो."

माफ कर, हे दोन शब्द तो दर वेळी गाडीवरून येताना घोकत यायचा. आता ते त्याला फळांच्या पिशवीसारखे वाटले, जाता येता आणून ठेवायचे. तो म्हणाला, "उद्या राजीनामा देऊ नकोस."

"ते मी ठरवीन," ती म्हणाली. मग औषधांच्या डब्याचं झाकण लावून, ताईकडे न बघता ताईला म्हणाली, "उद्या मी कामावर जाणार आहे. सातला निघेन."

ताई हळूच म्हणाली, "जा. पण यांच्यापाशी... मला एकटीला उचलवत नाहीत गं हे."

"मी येतो," तो म्हणाला. "रोज. ती घरी येईपर्यंत थांबेन."

"आणि तुझी कामं?" ताईने विचारलं. आवाजात माया नव्हती. हिशेब विचारावा तसं विचारलं होतं.

"थांबतील."

सून उठली. ती आता रडेल किंवा आत निघून जाईल असं त्याला वाटलं. तिने भाऊजींच्या पायावरची चादर नीट केली आणि ज्या स्वरात लॅबमध्ये नव्या माणसाला काम समजावत असेल, त्याच स्वरात बोलू लागली. "एकची गोळी जेवणानंतर. आधी दिली तर त्यांना मळमळतं. उठवताना डावीकडून धरायचं, काखेत हात घालून, दंडाला ओढायचं नाही. वॉकरने दहा पावलं झाली की बसवायचं, ते आणखी चालतो म्हणतील, ऐकायचं नाही."

"बरं."

"लिहून घ्या."

त्याने कानावरची पेन्सिल काढली. कागद शोधत खिसे चाचपले, सापडला नाही. ताई कपाटातून वहीचं एक पान फाडून घेऊन आली आणि त्याच्या हातात न देता पलंगाच्या कडेवर ठेवून बाजूला झाली. तो पलंगापाशी गुडघ्यावर बसला. सून पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली, एकेक शब्द सुटा करून, आणि तो लिहू लागला.