मुलीसाठी घेतलेले सहा ड्रेस

चाळिशी ओलांडलेली बाई कपड्याच्या दुकानदाराला दिसत नाही. त्याच्या एका भिंतीला कॉलेजातल्या पोरींचे ड्रेस टांगलेले असतात, दुसऱ्या भिंतीला म्हाताऱ्यांची मऊ लुगडी. मधली तीस वर्षं बाई कुठे जाते याचा त्याला पत्ता नसतो. बहुधा ती घरीच असते असं तो धरून चालतो. अंगात गाऊन, वर ओढणी आणि हातात लसणाची वाटी. चुकून समोर आलीच, तर तो तिला ‘डिसेंट कलर’ दाखवतो. डिसेंट म्हणजे शेवाळी, मातकट किंवा राखेचा.

मी घरी बसणारी नव्हते. मारेगावात राहत होते आणि तालुक्यातल्या एका खेड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. माझ्याकडे कपड्यांचे तीन प्रकार होते: शाळेच्या साड्या, विहारात आणि दसऱ्याला नागपूरला जायची पांढरी साडी, आणि गाऊन. माझ्या वडिलांचं एक म्हणणं होतं, फाटकं चालेल, चुरगळलेलं चालणार नाही. त्यामुळे तिन्ही प्रकारांना कडक इस्त्री असायची, गाऊनलासुद्धा. दिसायला मी अगदी व्यवस्थित दिसायचे. पेटीत घालून ठेवल्यासारखी.

त्रेचाळिसाव्या वर्षी यवतमाळला दहा दिवसांचं प्रशिक्षण होतं. तिथे पुसद-दारव्हाकडच्या माझ्याच वयाच्या शिक्षिका खुशाल पंजाबी ड्रेस घालून येत. एकदा माझ्या साडीवर कुणीतरी आमटीचं अख्खं पातेलं कलंडवलं, तेव्हा त्यांच्यातल्या एकीनं मला तिचा ड्रेस दिला. उरलेला दिवस मी त्यातच काढला. चालताना दोन्ही हात मोकळे होते आणि पाय कुणाची परवानगी न मागता पुढे पडत होते. संध्याकाळी तो परत देताना मला खरोखर वाईट वाटलं. असला एक आपला असावा, हे तिथंच ठरलं.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. ते तहसील कचेरीत कारकून, विचारांनी पुढारलेले, जयंतीच्या कार्यक्रमात स्त्री-पुरुष समानतेवर बोलायला त्यांनाच उभं करत. ते म्हणाले, “घाल ना. मी कुठं नाई म्हणून राह्यलो? फक्त गावात नोको घालू.”

आता गाव सोडलं तर मी जात कुठे होते? वर्षातून दोनदा बहिणीकडे नागपूरला. तेवढं तर तेवढं.

मारेगावच्या दुकानांत मला सगळे ओळखत, म्हणून मी अर्ध्या तासाची एस.टी. धरून वणीला गेले. बाजारातल्या एका दुकानात शिरले. पुढे गादीवर दुकानदार काका, मागे मशीनवर त्यांची बायको. ती कपडे सैल-घट्ट करून द्यायची. मी आधी कॉटनचा ड्रेस मागितला. काका हसले.

“मॅडम, कॉटन इथं पिकते. घालत नाई कोनी. कॉटन पाह्यजे तं नागपूरले जा, अन् तिथंबी महाग पडन.”

बाहेर रस्त्यावर जिनिंगच्या कारखान्याकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. ती सरकेपर्यंत दुकानातून बाहेर पडता येत नव्हतं. आत सुरतेचा सिंथेटिक माल छतापर्यंत लागलेला. जिथे पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काय उगाच नाही.

“बरं, कोनासाठी पाह्यजे?” काकांनी विचारलं. “पोरीसाठी?”

मी ‘माझ्यासाठी’ म्हणणारच होते. पण शेजारी ड्रेस चाळत उभ्या असलेल्या दोन कॉलेजकन्यकांनी वळून मला आपादमस्तक पाहिलं, आणि माझ्या तोंडून निघालं, “हो, मुलीसाठी.”

मला मुलगी नाही. मुलगाही नाही. लग्नाला तेव्हा वीस वर्षं झाली होती, डॉक्टर झाले, औषधं झाली, लोकांचे सल्ले झाले, आणि मग आम्ही दोघांनी तो विषय बंद केला. रोज फळ्यावर ‘नेहमी खरे बोलावे’ लिहिणारी मी. पण ते खोटं इतकं सहज आलं, की माझी मलाच भीती वाटली.

“केवढी हाये?”

“बारावीला.”

“माप?”

“माझ्यासारखीच आहे अंगानं. जरा भरलेली.”

मागे मशीनवरच्या काकीनं मान वर करून मला एकदा पाहिलं आणि परत खाली घातली.

पहिला ड्रेस जांभळा होता. घरी दार लावून घालून पाहिला तर हात बाहीत जाईना. सतरा वर्षांच्या दंडासाठी शिवलेली बाही त्रेचाळीस वर्षांच्या दंडाला कशी पुरणार? परत वणी, परत एस.टी. “बाही दोन बोटं सोडून द्या,” मी काकीला म्हटलं, “पोरीचे दंड जाड आहेत.” दुकानात घालून पाहण्यासाठी एका कोपऱ्यात पडदा आणि आरसा होता. पण जी पोरगी हजरच नाही ती पडद्यामागे जाणार कशी? म्हणून दर वर्षी हेच. आधी आंधळेपणानं ड्रेस न्यायचा, मग पोरीच्या दंडांची बदनामी करायला परत यायचं.

दर वर्षी दिवाळीनंतर एक, असे ते ड्रेस वाढत गेले. पोरगीही वाढत गेली. दुसऱ्या वर्षी ती बी.एस्सी.ला गेली. तिसऱ्या वर्षी तिला आवडीनिवडी फुटल्या. टिकल्या-आरसे लावलेलं तिला खपायचं नाही, आणि ड्रेसला खिसा हवाच असायचा.

“पोरीले खिसा कायले?” काकांनी विचारलं.

“मोबाइल ठेवायला.”

खिसा मला हवा होता, पण लाल रंग मात्र तिनं निवडला. मी स्वतःसाठी तो जन्मात उचलला नसता. ती माझ्यापेक्षा धीट होती. हे लिहायला लाज वाटते, पण येताना एस.टी.त ती पिशवी मांडीवर असली की मी तिचा विचार करायचे. होस्टेलवर जेवण बरं मिळत असेल का, असा विचार एकदा मनात आला आणि मी खिडकीकडे तोंड फिरवून बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, “मळमळून राह्यलं काय?” मी हो म्हटलं.

आता किमतीचं सांगते, कारण लोकांना तेच ऐकायचं असतं. ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. कधी पाऊस दगा द्यायचा, कधी बोंडं भरायच्या आत पानं लाल पडायची, आणि सगळं साधून कापूस घरात आलाच तर भाव नसायचा. काका दिवाळीआधी आशेनं माल भरायचे. कापूस बुडाला की गिऱ्हाईक यायचं ते फक्त लेकरांच्या चड्ड्या-बनियनपुरतं. खेड्यापाड्यांतल्या पोरींसाठी आणलेले चांगले चांगले ड्रेस तसेच टांगलेले राहायचे, आणि दिवाळीनंतर काका ते अर्ध्या किमतीत काढायचे. माझा पगार कापसाला विचारून येत नव्हता. तेव्हा चाळिशीपुढच्या बायकांनी स्वस्तात झोकदार कपडे कुठे घ्यावेत, असा सल्ला कुणाला हवा असेल तर माझा पक्का आहे: कापसाला भाव मिळाला नाही अशा गावात, दिवाळीनंतरच्या आठवड्यात. मी हे तेव्हा मैत्रिणींना हसत सांगायचे. आता हसू येत नाही, पण सल्ला खरा आहे.

सहाव्या वर्षी काका म्हणाले, “मॅडम, पोरगी शिकून झाली असन ना आता? एक स्थळ हाये. तुमच्याच समाजातलं.”

मी म्हटलं, तिला पुढे शिकायचंय. ते म्हणाले, पाहायला काय जातं. मी बाही सैल करायला टाकली आणि पळ काढला. पुढच्या रविवारी ड्रेस आणायला गेले तर दुकानात स्टुलावर एक बाई बसलेली. माझ्याच वयाची. ठेवणीतली साडी, घड्या मोडल्याच्या रेघा अजून तशाच. काकांनी तिला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. झरीकडच्या एका खेड्यातून दोन गाड्या बदलून ती आली होती.

“जय भीम, ताई,” ती उठून उभी राहिली. “माहा पोरगा बारावी झाला. पाच एकर हाये, कापूस अन् तूर. दारू नाई, खर्रा-तंबाखू नाई. तुमच्या पोरीचं या काकाईनं लय सांगतलं. साधी हाये म्हणे.”

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, तो हा असा समोर येऊन जय भीम घालतो. मी म्हटलं, ती अजून शिकतेय. मग म्हटलं, तिचा लग्नाचा विचार नाही इतक्यात. मग म्हटलं, ती पुण्याला जाणार आहे. बाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. एकातही तिला काही नवीन वाटत नव्हतं.

“ताई,” शेवटी ती म्हणाली, “सरळ सांगा ना. शेती हाये म्हणून नाई म्हणून राह्यल्या ना? तीन वर्षापासून फिरून राह्यली मी. कोनाची पोरगी शिकून राह्यली, कोनाची पुण्याले चालली. मले राग नाई. पन सरळ सांगा.”

मी म्हटलं, तसं नाही हो. हेही तिनं पूर्वी ऐकलेलं असणार. तिनं पिशवीतून तुरीच्या हिरव्या शेंगांचं गाठोडं काढलं आणि गादीवर माझ्या बाजूला सरकवलं. “आनल्या होत्या. पोरीले द्या.” आणि जायला निघाली.

मला राहवलं नाही. पुण्याला जाणारी ती पोरगी त्या शेंगा कशी खाणार होती? आणि ही बाई दोन गाड्या बदलून आपल्या खेड्यात परत जाणार, ती आणखी एकीनं शेती पाहून नाक मुरडलं असं समजून.

“थांबा,” मी म्हटलं. वर्गात बोलते ती भाषा अशा वेळी कामाला येत नाही. “मले पोरगीच नाई. लेकरूच नाई मले. हे ड्रेस माहेच हायेत. सहाच्या सहा.”

मशीन थांबलं. काकांच्या हातातला हँगर हातातच राहिला. बाईनं माझ्याकडे पाहिलं, मग काउंटरवर ठेवलेल्या बाही सोडलेल्या ड्रेसकडे पाहिलं.

“म्हंजे, शेतीपायी नाई?”

“नाई हो.”

तिनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती, अगदी खांदे हलेपर्यंत.

“मले मालूम होतं,” मागून काकी म्हणाली. नवऱ्याला उद्देशून म्हणाली, कारण त्यालाच काही मालूम नव्हतं. “कॉलेजातली पोरगी कधी बारीक होते, कधी उंच होते. या मॅडमची पोरगी सहा वर्षापासून एकाच मापाची. वाढली तं दंडातच वाढली.” आणि उठून तिनं कोपऱ्यातला पडदा सरकवला. “जा, घालून पाहा एकडाव. सहा वर्षं झाली, बिना ट्रायलचे नेऊन राह्यल्या.”

मी आत गेले. साडी सोडून ड्रेस चढवला. तो लागलीच बसला. बाहेर आले तर दोघी वाट पाहत उभ्या होत्या, काका शहाणपणानं रस्त्याकडे पाहत होते. झरीकडच्या बाईनं माझी बाही दोन बोटांत धरून चोळून पाहिली.

“शोभते. आपल्या वयाच्याले शोभते, खरंच. पन कॉटन नाई हे.”

“कॉटन इथं मिळत नाई,” मी म्हटलं, आणि आम्ही तिघीही हसलो. पाच एकर कापसाची मालकीण सगळ्यांत जास्त हसली.

मग तिनं पिशवी उचलली. शेंगा परत घेतल्या नाहीत, म्हणाली, तुमीच खा. दुकानाच्या पायरीवरून ती मागे वळली.

“ताई, एक विचारू? पोरगी असती, तं दिली असती?”

“दिली असती,” मी म्हटलं. जराही थांबले नाही. थांबले असते तर तिला कळलं असतं.

“झालं तं मंग,” ती म्हणाली आणि स्टँडकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी तो ड्रेस घालून मारेगावच्या बाजारात भाजी आणायला गेले. नवऱ्यानं चष्मा वर करून पाहिलं आणि पेपरात तोंड घातलं. गावानं आठवडाभर पाहिलं, मग त्यालाही दुसरी कामं होती. आता त्या तालुक्यात माझ्या वयाच्या बायका सर्रास ड्रेस घालतात आणि दुकानात स्वतःचं माप सांगतात.

पण पायरीवरच्या त्या उत्तराबद्दल मला अजून कुणी विचारलेलं नाही, म्हणून इथे आपणहून लिहिते. नसती दिली. खिशाचा ड्रेस घालणारी, लाल रंग निवडणारी माझी पोरगी मी पाच एकर कापसात नसती दिली. दोन गाड्या बदलून ती बाई आमच्या दारात आली असती, तर मी तिला चहा पाजला असता, शेंगा ठेवून घेतल्या असत्या आणि सांगितलं असतं, पोरगी अजून शिकतेय.